फॉरेक्सचं ॲप घेण्याआधी: सर्व सभासदांसाठी सूचना

करन्सी ट्रेडिंगचं ॲप सेबीकडे नोंदणी असलेल्या ब्रोकरच्या संकेतस्थळावरूनच घ्यावं. टेलिग्रामवर आलेली एपीके फाइल (मोबाइलमध्ये थेट ॲप बसवणारी फाइल) उघडू नका, पाठवणारा मडगावचा ओळखीचा का असेना. मोबाइल ‘अज्ञात स्रोता’ची परवानगी मागू लागला की तिथंच थांबा. "सेटिंग करून देतो" म्हणत एनीडेस्क (दुसऱ्याला तुमचा मोबाइल दुरून पाहू-हाताळू देणारं ॲप) घ्यायला लावणाऱ्याला सरळ नाही म्हणा.

मेटाट्रेडर हे ट्रेडिंगचं सॉफ्टवेअर अस्सल असलं म्हणून त्यामागचा ब्रोकर अस्सल ठरत नाही. बहुतेकजण इथंच फसतात. रिझर्व्ह बँकेची अलर्ट लिस्ट (अनधिकृत फॉरेक्स प्लॅटफॉर्मची यादी) जरूर पाहा, पण तिच्यात नाव नाही म्हणजे मान्यता आहे असं समजू नका. अनधिकृत प्लॅटफॉर्मवर व्यवहार केल्यास फेमा (परकीय चलन व्यवस्थापन कायदा), १९९९ खाली कारवाई होऊ शकते. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा.