मतदान अधिकारी बाईंना अनावृत आभारपत्र

बाई, सप्रेम नमस्कार.

१५ जानेवारी २०२६ला, ऐन किंक्रांतीला, पुणे महापालिकेच्या निवडणुकीत, एका शाळेच्या वर्गात तुम्ही मतदान यंत्रापाशी बसला होतात. दुसऱ्या दिवशी निकाल लागला, गुलाल उडाला, चौकाचौकांत फ्लेक्स झळकले. मतदारराजाचे जाहीर आभारही मानून झाले. तुमच्या नावाचा फ्लेक्स कुठे दिसला नाही, म्हणून हे पत्र.

माझी आई ऐंशी ओलांडलेली. एक मत द्यायचं आणि घरी यायचं, ही तिची सवय. इथे प्रभाग चार सदस्यांचा, त्यामुळे मतंही चार. यंत्रावर प्रत्येक जागेच्या मतपत्रिकेचा रंग वेगळा: अ पांढरा, ब फिकट गुलाबी, क फिकट पिवळा, ड फिकट निळा. तिने पांढऱ्यावरचं बटण दाबलं आणि पदर सावरत निघाली. मागे रांग दारापर्यंत. "चला आजी, आटपा," असं कुणीतरी म्हणालंही.

तुम्ही जागेवरूनच हाक मारलीत, "आजी, शिट्टी वाजली नाही अजून. गुलाबी, पिवळा, निळा राहिलेत. कुणीच नको असेल तर शेवटी नोटा आहे." ना कुणाचं चिन्ह उच्चारलंत, ना आडोशाकडे मान वळवलीत. आई परत गेली, तिच्या वेगाने. चौथं बटण दाबलं आणि लांबलचक शिट्टी वाजली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर दहावी पास झाल्याचा आनंद होता!

निकालानंतर लोक "पॅनेल आलं, पॅनेल पडलं" असं म्हणतात, म्हणजे एका पक्षाचे चारही उमेदवार एकदम आले किंवा पडले. पण मोजणी चारही जागांची वेगवेगळी होते आणि एकाच प्रभागातून दोन पक्षांचे नगरसेवकही निवडून येऊ शकतात. आईची ती उरलेली तीन मतं म्हणूनच मोलाची. २०१७ला मुंबईच्या २२० क्रमांकाच्या प्रभागात दोघा उमेदवारांना ५,९४६ अशी सारखीच मतं पडली होती आणि निकाल चिठ्ठी टाकून लावावा लागला होता. त्यात आमच्याकडे मार्च २०२२पासून नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाकडे. इतक्या वर्षांनी आलेली संधी आईने पाऊणभर वाया घालवली असती.

तुम्ही कुठल्या शाळेत शिकवता ते माहीत नाही. ओळखीच्या कुणी वाचलं तर कृपया पोचवावं. आणि हो, आईच्या पिशवीत तुमच्यासाठी तिळगूळ होता. मतदान केंद्रात काही देणं बरं दिसणार नाही, म्हणून तिने डबी बाहेरच काढली नाही.

आपला,
त्या आजींचा मुलगा