थेंबभर रक्त, तीस आकडे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी आपल्या अंकाच्या घडीतून एक गुळगुळीत पत्रक खाली पडलं. (ही पत्रकं पेपर टाकणारी मुलं घालतात, त्यात आपला हात नसतो, हे ठाऊक आहे.) ‘संपूर्ण इम्युनिटी प्रोफाइल, एकाच सॅम्पलमधून ३० तपासण्या, घरी येऊन रक्त नेऊ.’ किंमत साडेसात हजार. एरवी असलं पत्रक मी भाजी निवडायला घेते. पण असल्याच एका प्रोफाइलचा रिपोर्ट हातात धरून आमच्या मजल्यावरच्या वहिनी मे महिन्यात माझ्या दारात उभ्या होत्या, म्हणून लिहायला बसले. मी पालिकेच्या रुग्णालयात ३१ वर्षं लॅब टेक्निशियन होते. त्यातली शेवटची सहा वर्षं अशाच तपासण्या करणाऱ्या बीड्सच्या, म्हणजे सूक्ष्म रंगीत मण्यांच्या, मशीनवर गेली.

तपासणी खोटी नाही, हे आधी सांगते. उलट मला तिचं फार कौतुक आहे. एलायझा या जुन्या पद्धतीत प्लेटच्या एका वेलमध्ये, म्हणजे खळग्यात, एकच पदार्थ मोजायचा. दहा सायटोकाइन्स (पेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात ती प्रथिनं) हवी असतील तर दहा प्लेटा, आणि तेवढं सिरम (रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी). तान्ह्या बाळाचं एवढं रक्त आणायचं कुठून? बीड्सना २५ ते ५० मायक्रोलिटर पुरतं, म्हणजे थेंबभर. हे बीड साधारण साडेसहा मायक्रॉनचे, तांबड्या पेशीहून किंचित लहान. प्रत्येकाच्या पोटात दोन रंग वेगवेगळ्या प्रमाणात मुरवलेले असतात आणि त्यातून शंभर निरनिराळ्या जाती करता येतात. एका जातीवर आयएल-६ हे सायटोकाइन पकडणारी अँटिबॉडी (ठरावीक पदार्थालाच चिकटणारं प्रथिन), दुसरीवर आयएल-८ पकडणारी, असं चालतं. आमच्या लहानपणी धोबी अख्ख्या चाळीचे कपडे एकाच भट्टीत घालायचा आणि कॉलरवरची खूण बघून घरोघरी बरोबर पोचवायचा. इथेही तेच. सगळे बीड एकाच वेलमध्ये भिजतात, धुतले जातात, मग मशीनमधून एकामागून एक जातात. एक लेसर खूण वाचतो. दुसरा त्या बीडवर किती चमक चढली आहे, म्हणजे किती पदार्थ पकडला गेला, ते मोजतो. ती चमक फायकोएरिथ्रिन नावाच्या रंगाची. हा रंग उजेडात मरतो, म्हणून प्लेट फॉइलमध्ये गुंडाळून ठेवायची. ते फॉइल पोळ्यांच्या डब्यासाठी कोणी पळवू नये म्हणून मी कपाटाला कुलूप लावत असे.

आता वहिनींचा रिपोर्ट. तीस ओळी, त्यातल्या दोन लाल: आयएल-८ आणि व्हीईजीएफ (नव्या रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन). दोन रात्री बाई झोपल्या नव्हत्या. व्हीईजीएफचा संबंध गाठींशी असतो असं भाच्याने मोबाइलवर वाचून सांगितलं होतं.

मी विचारलं, रक्त कधी नेलं? सकाळी साडेसातला. नेणारा मुलगा बाइकवरून अजून चार-पाच घरं करणार होता. लॅब खाडीपलीकडे. रिपोर्टवर सॅम्पल मिळाल्याची वेळ होती दुपारची सव्वादोन. मे महिना, भांडुपचं ऊन. रक्त सेंट्रिफ्यूज न करता, म्हणजे गरगर फिरवून पेशी वेगळ्या न करता, तसंच उबेत राहिलं तर पेशी नळीतल्या नळीत आयएल-८ सोडत बसतात. व्हीईजीएफचं तर आणखी सोपं आहे. तो प्लेटलेट्समध्ये साठलेला असतो आणि रक्त गोठताना बाहेर पडतो. म्हणून लाल झाकणाच्या नळीतल्या सिरममध्ये तो प्लाझ्मापेक्षा (न गोठवलेल्या रक्ताच्या पाण्यापेक्षा) नेहमीच जास्त दिसतो. रिपोर्टवर सॅम्पल सिरमचं की प्लाझ्माचं, याचा पत्ता नाही. मशीनने आकडा बरोबरच दिला असेल, पण तो वहिनींच्या शरीराचा होता की बाइकच्या डिकीतल्या सहा-सात तासांचा?

आणि धरून चालू की सॅम्पल उत्तम होतं, तरी हिशेब बघा. ‘नॉर्मल रेंज’ साधारणपणे १०० निरोगी माणसांतली ९५ बसतील अशी आखतात. एक तपासणी केली तर धडधाकट माणसाचा आकडा बाहेर जायची शक्यता पाच टक्के. एकमेकींशी संबंध नसलेल्या तीस केल्या तर निदान एक तरी लाल येण्याची शक्यता ७८ टक्क्यांच्या घरात जाते. सायटोकाइन्स बरीचशी जोडीने वर-खाली होतात, त्यामुळे प्रत्यक्षात ती थोडी कमी भरेल, पण मुद्दा तोच. शिवाय एका कंपनीच्या किटचा आकडा दुसरीच्या किटशी जुळत नाही, आणि यातल्या अनेक किटच्या खोक्यावर स्पष्ट छापलेलं असतं: फक्त संशोधनासाठी. खोकं टेक्निशियन बघतो, पेशंट बघत नाही.

याच बीड्सनी आमच्या घरातलं एक मोठं संकट मात्र वेळेवर ओळखलं. माझ्या नणंदेला किडनी हवी होती, नवरा द्यायला तयार होता. तिला तीन बाळंतपणं झालेली. बाळंतपणात नवऱ्याच्या एचएलएविरुद्ध (पेशींवरच्या ओळखखुणा, बाळात बापाच्याही असतात) बाईच्या रक्तात अँटिबॉडी तयार होऊ शकतात. एकेका बीडवर एकेक एचएलए बसवलेल्या तपासणीत नेमकी नवऱ्याच्या एचएलएविरुद्धची अँटिबॉडी सापडली, म्हणजे त्याची किडनी शरीराने नाकारण्याचा धोका होता. शेवटी तिच्या धाकट्या बहिणीची किडनी बसवली. तिथे डॉक्टरांना काय शोधायचं ते ठाऊक होतं. अँटिबॉडी फार जास्त असतील तर रीडिंग उलट कमी येतं, हे लॅबला ठाऊक होतं, म्हणून त्यांनी सॅम्पल पातळ करूनही रन लावला. पत्रकवाल्या प्रोफाइलमध्ये ‘का?’ हा प्रश्न विचारणारा डॉक्टरच नाही. ताप नाही, दुखणं नाही, नुसती उत्सुकता. कोविडच्या वर्षापासून ‘आयएल-सिक्स’ हा शब्द घराघरात आला, त्याचं हे पीक.

माझी मागणी लहान आहे. रक्त कधी काढलं, कधी वेगळं केलं, सिरम की प्लाझ्मा, कोणतं किट आणि ते निदानासाठी आहे की संशोधनासाठी, एवढ्या चार-पाच गोष्टी आकड्यांच्या वर, त्याच टाइपात छापणं लॅबना सक्तीचं करावं. आपल्या आरोग्य पुरवणीने हा विषय घ्यावा.

वहिनींनी डॉक्टरांच्या सांगण्यावरून महिन्याने परत रक्त दिलं, या वेळी लॅबमध्ये स्वतः जाऊन. व्हीईजीएफ आणि आयएल-८ दोन्ही काळ्या अक्षरांत आले. या खेपेला भलतंच तिसरं काहीतरी लाल होतं. तो कागद त्यांनी मला दाखवला आणि स्वतःच घडी करून पर्समध्ये टाकला.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन,
भांडुप, मुंबई