रिकामी स्ट्रिप दाखवून अंड्याच्या गोळ्या मागू नका

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पुरवणीत मूल न होण्यावर लेख येतात, मी वाचते. आयव्हीएफ, टेस्ट ट्यूब, खर्च सगळं असतं त्यात, पण आमच्या काउंटरवर रोज जे चाललेलं असतं त्यावर कुणी लिहीत नाही. माझं अक्कलकोट रोडच्या बाजूला मेडिकल आहे, आसपास टॉवेलचे कारखाने, विड्या वळणाऱ्या बायका, शिलाईवाल्या, असं सगळं गिऱ्हाईक.

होतं काय की बाई येते, पर्समधून रिकामी स्ट्रिप काढते आणि हळूच म्हणते, ताई ह्यातल्या पाच द्या. बघावं तर क्लोमिफेन पन्नास, नाहीतर लेट्रोझोल, दोन्ही बाईचं अंडं तयार व्हायच्या गोळ्या. चिठ्ठी विचारली तर म्हणे जावेची स्ट्रिप आहे, तिला लगेच दिवस गेले. कधी बाई येतच नाही, सासू येते आणि "अंडं वाढायच्या गोळ्या" मागते. आणि हल्ली जुळ्याच्या गोळ्या मागणारे पण निघालेत, एकाच बाळंतपणात दोन पोरं उरकायची म्हणे! मी नाही म्हटलं की पुढच्या चौकात मिळतात. शेड्यूल एच मधलं औषध आहे ओ हे, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचंच नाही असा कायदा आहे, पाकिटावर छापलेलं पण असतं. पण गिऱ्हाईक तुटेल या भीतीनं आमच्यातलेच काही जण देतात, खोटं कशाला बोलू.

जावेला लागू पडली म्हणजे आपल्याला पडेल असं नसतं. जिचं अंडं दर महिन्याला तयार होत नाही, पाळी दोन दोन महिने पुढं जाते, पीसीओडी (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा आजार) आहे, तिच्यासाठी ही गोळी. क्लोमिफेन मेंदूला फसवते, शरीरात इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन कमी आहे असं त्याला वाटतं, मग तो एफएसएच, म्हणजे अंडं वाढवणारं हार्मोन, जास्त सोडतो आणि त्यानं अंडाशयातलं अंडं वाढतं. पण गर्भनळ्या बंद असतील तर अंडं वाढून करायचं काय? आपल्याकडं टीबीमुळं नळ्या बंद झालेल्या बायका कमी नाहीत. थायरॉईड बिघडलेलं असेल तर आधी ते बघावं लागतं. लिव्हरचा त्रास असेल किंवा अंडाशयात आधीच (पीसीओडीची नव्हे, वेगळी) गाठ असेल तर गोळी चालतच नाही. आणि पाळी चुकली म्हणून पुढचा कोर्स सुरू करायच्या आधी दिवस गेलेत का ते बघायचं असतं, एवढं तरी जाऊबाईनं सांगितलेलं असतं का?

गोळी साधारण पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसापासून पाच दिवस असते, पण ती संपली म्हणजे काम संपलं असं नाही. पाळीच्या नवव्या-दहाव्या दिवसापासून सोनोग्राफी करून अंडं किती वाढलं ते बघतात, अठरा-वीस मिलीमीटर झालं की काही जणींना ते फुटायचं इंजेक्शन देतात. एकाच वेळी तीन-चार अंडी वाढलेली दिसली तर डॉक्टर त्या महिन्यात थांबा म्हणतात. सोनोग्राफी न करता गोळ्या खाणारीला हे कळणारच नाही. क्लोमिफेनवर दिवस गेले तर शंभरातल्या पाच ते दहा जणींना जुळं राहतं, आणि जुळं म्हणजे बाळं लवकर जन्मायची भीती, वजन कमी, आईचं बीपी वाढतं. गोळ्या चालू असताना डोळ्यापुढं चमकायला लागलं, अंधुक दिसायला लागलं तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरला कळवायचं. आमच्याकडच्या बायका दिवसभर मशीनवर सुईकडं बघत बसतात, त्यांना वाटतं कामानं डोळे दुखतायत. आणि पोट खूप फुगलं, उलट्या, दम लागला तर सरळ दवाखाना, गोळ्यांनी असं क्वचित होतं पण होतं.

लेट्रोझोलचं वेगळंच. चिठ्ठी असलेली बाई घरी जाऊन मोबाईलवर बघते तर ब्रेस्ट कॅन्सरची गोळी! मग रडत परत येते. ताई, घाबरू नका. मूळ ती कॅन्सरसाठीच आली, आपल्या सरकारनं २०११ मध्ये वंध्यत्वासाठी वापरायला बंदी पण घातली होती, नंतर उठवली. २०१४ मध्ये अमेरिकेत पीसीओएसच्या (म्हणजे पीसीओडीच्याच) ७५० बायकांवर अभ्यास झाला, त्यात लेट्रोझोलवाल्या १०० मागे २७-२८ जणींना मूल झालं आणि क्लोमिफेनवाल्या १९ जणींना. म्हणून आता डॉक्टर तीच आधी देतात.

आता नवऱ्यांबद्दल. बायको काउंटरवर आणि हे महाशय गाडी चालू ठेवून बाहेर, तोंडात मावा. वीर्याची तपासणी किती सोपी, दोन ते सात दिवस संबंध न ठेवता लॅबला जायचं, सुई नाही टोचणं नाही. तरी बाई वर्ष वर्ष गोळ्या खाते आणि ह्यांचा रिपोर्ट कुणी मागितलेलाच नसतो. क्लोमिफेन साधारण सहा महिन्यांच्या वर देत नाहीत, आणि पहिली गोळी घ्यायच्या आधीच दोघांच्या तपासण्या व्हायला पाहिजेत. तंबाखूनं शुक्राणूंचा काउंट कमी होतो हे मी सांगितलं की मात्र गाडी लगेच पुढं निघते.

बायकांना मी दोष देत नाही. विड्या वळणाऱ्या बाईनं सोनोग्राफीला चार वेळा जायचं म्हणजे चार दिवसांची मजुरी गेली, शिवाय सासूला काय सांगायचं. तिच्यासाठी सरकारी सिव्हिल हॉस्पिटलची स्त्रीरोग ओपीडी आहे, रांग मोठी असते पण निदान कुणीतरी तपासून तरी देतं. आणि आमच्या केमिस्ट भावांनी ही गोळी तरी चिठ्ठीशिवाय देऊ नये, पाच गोळ्यांत असं किती सुटतं ओ?

राग येऊ देऊ नका साहेब, पण पेपरातही "हमखास संतानप्राप्ती" वाल्या जाहिराती येतात. बायकांचं वंध्यत्व बरं करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या मॅजिक रेमेडीज कायद्यानं बंदी आहे. तुमच्या जाहिरात विभागानं असली जाहिरात घ्यायच्या आधी तो कायदा काढून बघावा, एवढी विनंती.

एक केमिस्ट ताई,
सोलापूर