तिसरा स्टार

चि. रोहन,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तिसरा स्टार लागला, कॅप्टन झालो असं सांगितलंस आणि त्याच दमात अमृतसरकडे बदली झाल्याचंही. पहिल्या बातमीचे पेढे गल्लीभर वाटले. दुसरी अजून आत्यालाही सांगितलेली नाही.

अमृतसर म्हटलं की आपल्याकडे डोगराई आलीच, सीमेपलीकडचं लाहोरच्या वाटेवरचं ते गाव. ६५ च्या युद्धात आबा तिथून जखमी जवान ट्रकने मागे आणायचे. तुला ते इच्छोगिल कालव्याची रुंदीच सांगत बसायचे. लाहोर राखायला पाकिस्तानने खणलेला, १४० फूट रुंद, काठाला सिमेंटचे बंकर. ६ सप्टेंबरला आपली ३ जाट पलटण तो ओलांडून बाटाच्या कारखान्यापर्यंत पोचली, पण मागून कुमक आली नाही, परत फिरावं लागलं. तेच गाव पुन्हा घ्यायचं ठरलं तेव्हा शत्रू पक्का तयारीत होता. २१ च्या रात्री पलटणीचे कर्नल हेड यांनी जवानांना बजावलं, जिवंत किंवा मेलेले, डोगराईतच भेटायचं. घराघरात संगिनीने लढले. गाव घेतलं, समोरचे कर्नल गोलवालाही हाती लागले.

हे तुला पाठ आहे. आबांनी मला मात्र पुढचंही सांगितलं होतं. सुरक्षा परिषदेचा युद्धबंदीचा ठराव २० तारखेलाच झाला होता. २३ च्या पहाटे साडेतीनला गोळीबार थांबला. ताश्कंदच्या करारानंतर फेब्रुवारीत गाव परतही दिलं. महावीरचक्र मिळालेले मेजर आसाराम त्यागी गोळ्या लागूनही मागे आले नाहीत, २५ ला दवाखान्यात वारले. तसेच महावीरचक्राचे कपिलसिंह थापा. तुझ्यासारखेच कॅप्टन.

म्हणून सांगते, थांबायची बातमी आली की उगाच पुढे होऊ नकोस. हुकूम नीट ऐक, आधी बघ, मग पाऊल टाक. पुढे असणं हेच अधिकाऱ्याचं काम, हे मला कळतं. मी कोण शिकवणार? राग मानू नकोस, आईचं आहे म्हणून सोडून दे.

पण तू लहानपणापासून तसाच. खोडशीच्या कालव्यात पोरांची चप्पल पडली तर सगळे काठावर उभे, आणि हा गडी पाण्यात! पाणी किती, बघितलं होतंस? तुझ्या बाबांनी घरी आणून फटके दिले आणि रात्री ओसरीवर शेजाऱ्यांना तीच गोष्ट छाती फुगवून सांगितली. मी आत भाकरी थापत होते. मला ना रागावता आलं, ना हसता.

तर बघ, परत तिथेच आले. पुढे व्हायचंच असेल तर निदान बघून हो.

लोणच्याची बरणी कुरियरने पाठवली आहे, मेसमध्ये सगळ्यांना दे. दीपाच्या लग्नाला सुट्टी मिळते का ते आत्ताच विचारून ठेव. आणि रविवारचा फोन चुकवू नकोस, दोनच मिनिटं असला तरी चालेल.

तुझी,
आई