हाड जुळलं, पण हात हलत नाहीये त्याचं काय?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

घोडबंदर रोडवर पावसाळ्यात खड्ड्यात बाईक गेली की आपण पहिलं विचारतो काय मोडलं का, डोक्याला लागलं का, नाही म्हटलं की सुटलो. नसांचं, म्हणजे रक्ताच्या नव्हे, मेंदूचे संदेश हातापायांपर्यंत नेणाऱ्या नसांचं, कोणी विचारतच नाही. माझा भाचा माजिवड्याच्या पुढे असाच खांद्यावर पडला, कॉलरबोनला प्लेट टाकली, हाड मस्त जुळलं पण उजवा हात नुसता लोंबतोय, आणि आधीच्या डॉक्टरांचं एकच, येईल हळूहळू. त्यात दिवाळी उलटून गेली.

मग मी याबद्दल मिळेल ते वाचायला लागले आणि रागच आला, कारण यातलं बरंचसं खूप आधीपासून माहितीय. १८५० साली ऑगस्टस वॉलर या इंग्रज डॉक्टरने बेडकाच्या जिभेची नस कापून दाखवलं की नसेचा धागा ज्या पेशीतून निघतो त्या मूळ पेशीपासून तुटलेला पुढचा भाग काही दिवसांत तुकडे होऊन जातो. पोषण तुटलं म्हणून मेला, असंच सगळे समजायचे. पण १९८९ मध्ये ऑक्सफर्डला असे उंदीर सापडले की ज्यांची कापलेली नस दोनेक आठवडे टिकायची, साध्या उंदराची दीड-दोन दिवसांत संपते! पुढे २०१२ मध्ये कळलं की सार्म-१ नावाचं प्रोटीन काढून टाकलं तरी तुटलेला धागा टिकतो, कारण नस तुटली की तेच चालू होतं आणि ऊर्जेसाठी लागणारं एनएडी नावाचं रसायन खाऊन टाकतं. म्हणजे नस आपसूक मरत नाही, आतूनच स्वतःला संपवते. हे थांबवणाऱ्या औषधांवर काम चालू आहे, पण आज जो पडला त्याच्या हातात फक्त वेळ आहे.

मूळ पेशी जगली तर नवा धागा फुटतो पण दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर, खांद्यापासून बोटांपर्यंत हिशोब करा, आणि तोपर्यंत स्नायू थांबत नाही, वर्ष-दीड वर्षात कामातून जातो. नस मणक्यातूनच उपटली असेल तर मूळ पेशीही मरायला लागतात. म्हणून ऑपरेशन करायचं तर तीन ते सहा महिन्यांत करा म्हणतात. आताचे डॉक्टर दंडावर बोटाने टकटक करत खाली येतात, जिथे झिणझिण्या येतात तिथे पेनाने खूण करतात, खूण खाली सरकली की नस वाढतेय. भाच्याची अजून कोपराच्या वरच आहे.

तुमच्या आरोग्य पुरवणीत नसांच्या सर्जनकडून हे लिहून घ्या, आणि पावसाळ्याच्या आधी छापा. एक गोष्ट तर नक्की, ईएमजी-एनसीव्ही, म्हणजे नस आणि स्नायूंतला करंट मोजणारी टेस्ट, पहिल्याच आठवड्यात केली तर रिपोर्ट फसवू शकतो कारण तुटलेला भागही काही दिवस करंट नेतो, ती तीन-चार आठवड्यांनी करायची. आम्हाला हे कोणीच सांगितलं नव्हतं.

आपली एक वाचक,
कासारवडवली, ठाणे (प.)