मुठीमुठीने साठलेली मंडळी

ऐझॉल, मिझोराम,
रविवार, रात्री साडेनऊ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्राचे उत्तर लांबले, त्याला कारण झाले घरातले पाहुणे. ते माझे नव्हते आणि घरमालकीणबाईंचेही नव्हते. मंडळीने, म्हणजे इथल्या चर्चच्या सभासदांच्या समूहाने, त्यांच्या वाट्याला दिलेले होते. आमच्या वस्तीतल्या चर्चमध्ये प्रिस्बिटेरीची, म्हणजे अनेक मंडळ्यांवरच्या मंडळाची, सभा भरली होती, आणि तिच्यासाठी आसपासच्या मंडळ्यांतून आलेल्या पाळकांची व वडिलांची (म्हणजे मंडळीने निवडलेल्या कारभाऱ्यांची) सोय घराघरांत वाटून केली होती. आमच्याकडे दोघे वयस्क गृहस्थ आले. मी माझी खोली त्यांना दिली आणि चार रात्री बाहेरच्या खोलीत गादी टाकून झोपलो.

तू मिरजेच्या मंडळीत वाढलेला, तेव्हा प्रिस्बिटेरियन हा प्रोटेस्टंट पंथ म्हणजे काय हे मी तुला सांगणे म्हणजे काशीकराला गंगा दाखवण्यासारखे आहे. तरीही इथली घडी कशी आहे ते लिहितो. बिशप हे पदच नाही. गावच्या मंडळीचे वडील सभासदांच्या मतांनी निवडले जातात आणि त्यांना ‘उपा’ म्हणतात. मंडळ्यांच्या वर प्रिस्बिटेरी, तिच्या वर मिझोराम सिनॉड, म्हणजे प्रदेशाची सभा, आणि सगळ्यांच्या वर भारतभरची महासभा, जिची कचेरी शिलाँगला आहे. हे सारे मला पुस्तकी वाटत असे. पण सभेत मागच्या बाकावर बसून, शेजारच्या तरुणाला मिझोचा अर्थ विचारत ऐकू लागलो, तेव्हा ध्यानात आले की निम्मा वेळ हिशेबातच जातो, आणि माणसे तो कंटाळून नव्हे, घरचा असल्यासारखा ऐकतात.

त्या हिशेबात एक रक्कम तांदळाची होती. ती कुठून येते हे मला घरातच कळले. मालकीणबाई रोज स्वयंपाकाला तांदूळ मोजून पातेल्यात घेतात, मग त्यातलीच एक मूठ परत काढून ओट्याखालच्या पत्र्याच्या डब्यात टाकतात. डब्याचे झाकण जरा वाकडे आहे. ते बसवताना होणारा खटका मला आता घड्याळासारखा ओळखीचा झाला आहे. पाहुणे होते त्या दिवसांत तांदूळ दुप्पट शिजला, पण मूठ चुकली नाही. मग मंडळीच्या बायका घरोघर फिरून हा तांदूळ गोळा करतात, तो विकला जातो आणि पैसे मंडळीच्या कामाला लागतात. याला ‘बुहफाई थाम’ म्हणतात, आणि १९१० च्या सुमारापासून हे चालू आहे. आपल्याकडे कर्मवीर अण्णांच्या रयतेचा मुष्टिफंड होता, पणजीत तर एका शिक्षणसंस्थेच्या नावातच तो शब्द आहे. म्हणजे कल्पना आपल्याला परकी नाही. मात्र शतक उलटून गेल्यावरही ती मूठ रोज, दोन्ही वेळा, कोणी मागायला न येता निघते आहे, हे मी प्रथमच पाहिले.

याच पैशांवर आणि दशांशावर (उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाच्या दानावर) पुष्कळ काही उभे आहे. शहराबाहेर दुर्तलांगच्या डोंगरावर सिनॉडचे रुग्णालय आहे, व्यसनमुक्तीचे काम आहे, शाळा आहेत; शिवाय आसाम, अरुणाचल, त्रिपुरा इकडे मंडळीने स्वतःच्या खर्चाने पाठवलेले प्रचारक आहेत. मला थबकवले ते इथेच. मिरजेत आपण लहानपणापासून ‘मिशन हॉस्पिटल’ म्हणत आलो, आणि मिशन म्हणजे समुद्रापलीकडून आलेला डॉक्टर व त्याच्या मागे अमेरिकेतून येणारा पैसा, हेच आपल्या डोक्यात बसले. ते मिरजेचे डॉ. वानलेस साहेबांचे रुग्णालय १८९४ चे. त्याच वर्षी ११ जानेवारीला लॉरेन आणि सॅव्हिज हे दोघे इंग्रज मिशनरी होडीने ऐझॉलजवळच्या सायरांगला उतरले, त्यांनी मिझो भाषेला रोमन लिपी दिली, आणि १८९७ मध्ये वेल्श मिशनरी जोन्स येऊन ठेपले. ज्या सायरांगला होडी लागली, तिथे आता रेल्वे स्थानक झाले आहे. दोन्हीकडची सुरुवात एकाच वर्षाची. पण इथल्या लोकांनी घेणारा हात फार लवकर देणारा केला, असे मला वाटते. तुला हे पटणार नाही, आणि मिरजेबद्दल मी अन्याय करत असेन तर खुशाल भांड.

सगळेच मला आवडले असेही नाही. तांदूळ बायकांच्या मुठीतून येतो, पण त्याचा विनियोग ठरवताना हात वर करणाऱ्यांत मला एकही बाई दिसली नाही. मालकीणबाईंना विचारले, तर त्या हसल्या आणि चहा ओतू लागल्या.

गाण्याबद्दल मात्र लिहावेच लागेल. वेल्श लोकांनी आणलेली सोल-फा स्वरलिपी इथे पोरासोरांनाही वाचता येते. पेटी नाही, कोणी पुढे उभा नाही, तरी चार आवाज आपापल्या वाटेने निघतात. शनिवारी रात्री सभा आटोपल्यावरही लोक ढोलाभोवती गात बसले. आमचे दोघे पाहुणे उशिरा परतले, आणि त्यांतला थोरला बूट काढताना अजून खालचा स्वर गुणगुणत होता.

आज दुपारी ते गेले. तुझ्या आईला एक विचारून कळव: त्या मिशन हॉस्पिटलात नर्स होत्या, त्या काळी मंडळीच्या बायका घरात असे धान्य बाजूला काढत का, आणि काढत असल्यास ते कधी थांबले? त्यांना नमस्कार सांग.

तुझा,
जुना शेजारी