जुनी बॅटरी परत कोण नेणार? केंद्रीय पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय मंत्री,
पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालय, नवी दिल्ली.

विषय: ऑनलाइन विकलेल्या बॅटऱ्या व विद्युत उपकरणे वापरानंतर परत घेण्याबाबत.

महोदय,

मी यवतमाळ जिल्ह्यातील कोरडवाहू कापूस उत्पादक शेतकरी आहे. आमच्या भागात हाताने दांडा मारायचा फवारणी पंप मागे पडून बॅटरीचा पंप आला, रोही (नीलगाय) आणि रानडुकरांपासून पीक राखायला झटका मशीन आले, आणि दोन्हींत 12 व्होल्टची बॅटरी असते. पूर्वी या वस्तू तालुक्याच्या कृषी केंद्रातून यायच्या. आता स्वस्त आणि घरपोच मिळतात म्हणून मोबाइलवरून मागवल्या जातात. दोन-तीन हंगामांत बॅटरी चार्ज धरेनाशी होते.

माझ्या गोठ्याच्या कोनाड्यात अशा तीन बॅटऱ्या पडून आहेत. एक फुगली आहे, दुसरीच्या टोकांवर पांढरट-हिरवा थर चढला आहे. ज्या ॲपवरून पंप घेतला, त्याच्या ग्राहक सेवेला विचारले तेव्हा वस्तू परत करण्याची मुदत संपल्याचे उत्तर आले. वस्तू नापसंत नाही, ती वापरून संपली आहे, हे मी तीनदा सांगितले. समोरच्याच्या यादीत तसा पर्यायच नसावा. चौथी बॅटरी मी भंगारवाल्याला दिली होती. त्याने ती नाल्याच्या काठावर हातोडीने फोडली, ॲसिडने भिजलेले आतले पांढरे थर तिथेच फेकले आणि शिशाच्या पट्ट्या पोत्यात भरून नेल्या. त्याच नाल्यावर आमची जनावरे पाणी पितात. त्या माणसाला तरी काय बोलावे? गावातून जुनी बॅटरी उचलणारा दुसरा कोणी येतच नाही.

नियम आहेत, हे मला ठाऊक आहे. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम 2022 मध्ये आले. त्याच वर्षी अधिसूचित झालेले ई-कचरा नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले, आणि माल दुकानातून विका वा ऑनलाइन, उत्पादकाची जबाबदारी तीच, असे ते सांगतात. ई-कचऱ्याच्या पुनर्चक्रणाचे उद्दिष्ट पहिली दोन वर्षे 60 टक्के, 2025-26 पासून 70 आणि 2027-28 पासून 80 टक्के आहे. मात्र नोंदणीकृत पुनर्चक्रकाकडून तेवढा कचरा पुनर्चक्रित केल्याची प्रमाणपत्रे उत्पादकाने विकत घेतली की हे उद्दिष्ट पूर्ण होते. त्यामागचा कचरा कुठल्याही मोठ्या शहरात गोळा झालेला चालतो, त्यामुळे ज्याने माझ्या गावात पंप विकला, त्याला जुन्या मालासाठी इकडे फिरकण्याचे कारणच उरत नाही.

तालुक्याला ट्रॅक्टरची किंवा इन्व्हर्टरची बॅटरी घ्यायला गेलो की दुकानदार आधी विचारतो, "जुनी आणली का?" जुनी दिली तर किंमत कमी होते, नाही दिली तर पूर्ण पैसे मोजावे लागतात. अंगवळणी पडलेली ही रीत ऑनलाइन खरेदीत मोडली.

म्हणून माझी मागणी अशी, की नवी वस्तू पोहोचवणाऱ्याने त्याच फेरीत त्याच प्रकारची जुनी वस्तू परत नेणे बंधनकारक करावे आणि तिची ठरावीक रक्कम बिलातून वजा करावी. एकास एक परत घेण्याचे हे बंधन युरोपीय संघाने 2002 च्या निर्देशातच विक्रेत्यांवर घातले होते. खेड्यात फेरी परवडत नाही, ही सबब कृपया मान्य करू नये. पायाला न बसलेली चप्पल परत न्यायला तोच मुलगा तीच दुचाकी घेऊन आमच्या दारात येतो. फुटलेली, गळणारी बॅटरी त्याने पाठीवरच्या पिशवीत घालावी असे अर्थातच मी म्हणणार नाही. तिच्यासाठी तालुक्याच्या पार्सल केंद्रावर ॲसिड न झिरपणारी बंद पेटी ठेवावी लागेल, आणि तिचा खर्च विक्रीमंचानेच उचलावा.

आणखी एक. माझ्या तीनपैकी दोन बॅटऱ्यांवर बनवणाऱ्याचे नावच नाही. उत्पादकाची केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडील नोंदणी आवश्यक असताना असा माल विक्रीला लागतोच कसा? नोंदणी क्रमांक विक्रीच्या पानावर किमतीशेजारी दिसल्याशिवाय वस्तू विकू देऊ नये, आणि निनावी माल परत घेण्याची जबाबदारी सरळ विक्रीमंचावर टाकावी.

कपाशीवरील फवारणी जुलैत सुरू होते आणि नव्या बॅटऱ्यांची मागणीही तेव्हाच वाढते. आदेश त्याआधी निघाला, तर कोनाड्यातल्या तिन्ही बॅटऱ्या मी याच हंगामात परत देईन.

आपला नम्र,
एक कापूस उत्पादक शेतकरी,
जिल्हा यवतमाळ